ट्रकच्या इंजिनचा फॅन उतरवणं आणि परत बसवणं

रेडिएटरमागचा फॅन बहुतेक वेळा दुसऱ्याच कामासाठी उतरवावा लागतो. व्हिस्कस क्लच, म्हणजे गरज पडली तरच फॅनला पकडणारा ऑइलचा जोड, गेलेला असतो, फॅन हबचं बेअरिंग वाजत असतं, रेडिएटर बाहेर काढायचा असतो किंवा क्रँकचं पुढचं ऑइल सील बदलायचं असतं, आणि फॅन वाटेत येतो. म्हणून तो घाईने काढला जातो आणि त्याहून जास्त घाईने बसवला जातो. खरं तर सगळ्यात जास्त काळजी याच भागाला लागते. ६०० मिमी व्यासाचा फॅन मिनिटाला २५०० फेरे फिरतो, तेव्हा पात्याचं टोक सेकंदाला साधारण ७८ मीटर, म्हणजे ताशी २८० किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असतं. तडा गेलेलं पातं त्या वेगात सुटलं तर रेडिएटर फाडतंच, शेजारी उभ्या माणसालाही सोडत नाही.

इथली पद्धत टाटाच्या बऱ्याच ट्रकांत बसवलेल्या कमिन्सच्या ५.९ लिटर, सहा सिलिंडर सिक्स-बीटी इंजिनाला धरून लिहिली आहे. या इंजिनात फॅन वॉटर पंपावर नसतो. त्याचा स्वतंत्र हब इंजिनच्या तोंडावर बसतो आणि पट्ट्यावर फिरतो. जुन्या कित्येक इंजिनांत फॅन वॉटर पंपाच्याच शाफ्टवर असतो. तिथेही क्रम तोच राहतो, फक्त हबऐवजी पंपाच्या बेअरिंगकडे बघायचं.

आपला फॅन कोणत्या प्रकारचा आहे

पहिला प्रकार थेट बोल्टने आवळलेल्या फॅनचा. पुली फिरली की तो फिरतो, मधे काही नाही. बहुधा पत्र्याचा, मधल्या चकतीवर पाती रिव्हेटने बसवलेली.

दुसरा व्हिस्कस क्लचचा. मधे पंख असलेला ॲल्युमिनियमचा डबा, त्याच्या तोंडावर द्विधातूची पट्टी किंवा स्प्रिंगसारखं वेटोळं आणि आत घट्ट सिलिकॉन ऑइल. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पट्टी वाकते, आतली झडप उघडते, ऑइल दोन चकत्यांच्या मधे शिरतं आणि फॅन पकड घेतो. हवा थंड झाली की ऑइल परत कप्प्यात जातं आणि फॅन सैल फिरतो. हा खटाटोप डिझेल वाचवण्यासाठी असतो. फॅनची हवा वेगाच्या प्रमाणात वाढते, पण त्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग निम्मा झाला की ताकद आठव्या हिश्शावर येते. सपाट रस्त्यावर गाडी धावत असताना समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो. खंबाटकी किंवा कसारा घाटात भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये चढते तेव्हा मात्र इंजिनावर पूर्ण भार असतो आणि समोरून वारा नसतो. तिथे सगळी मदार फॅनवर.

तिसरा प्रकार नव्या गाड्यांतला इलेक्ट्रॉनिक व्हिस्कस क्लच. याला वायर असते आणि पकड कधी घ्यायची ते ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंट्रोल संगणक, ठरवतं. उतरवण्याआधी कनेक्टर सोडायला विसरलात तर फॅनच्या वजनाने वायर तुटते.

उतरवण्याआधी क्लच खरंच गेलाय का ते बघा

चांगले क्लच विनाकारण बदलले जातात, म्हणून हा भाग वगळू नका. सगळ्या चाचण्या इंजिन बंद ठेवून आणि चावी खिशात घालून करायच्या.

सकाळी थंड इंजिनावर फॅन हाताने फिरवा. थोडा अडत, जड वाटत फिरला पाहिजे आणि हात सोडला की लगेच थांबला पाहिजे. गाडी तापून आल्यावर तो आणखी जड लागतो. तापलेल्या इंजिनावरही हाताच्या झटक्याने दोन-चार गिरक्या घेत असेल, तर आतलं ऑइल गेलेलं आहे. अशा क्लचच्या तोंडावर मधून बाहेर पसरलेले तेलकट, धूळ चिकटलेले पट्टे बहुधा दिसतात. त्यांवर बोट फिरवलं तर चिकटपणा कळतो.

याच्या उलट, थंड इंजिनावरही फॅन हलत नाही, गाडी दिवसभर विमानासारखी घोंघावते, इंजिन तापायला वेळ लागतो आणि डिझेल जास्त जातं, असं असेल तर क्लच जाम झालेला आहे. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटं येणारा घोंघाट मात्र दोष नाही. उभ्या गाडीत ऑइल खाली उतरून चकत्यांमध्ये साचतं. ते परत कप्प्यात जाईपर्यंत फॅन पकडलेला राहतो.

पात्याचं टोक धरून पुढे-मागे हलवा. व्हिस्कस क्लचमध्ये थोडी हालचाल असतेच. ती टोकाशी ६ मिमीच्या पुढे गेली तर क्लचचं बेअरिंग संपलं असं समजा. हालचाल क्लचमध्ये आहे की हबमध्ये हे ओळखण्यासाठी दुसऱ्या हाताचं बोट पुली आणि क्लच यांच्या सांध्यावर ठेवा. पुलीही डोलत असेल तर दोष हबचा.

गाडी तापते म्हणून फॅनला हात घालण्याआधी इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारून बघा. ऊस, कडबा किंवा कापूस वाहणाऱ्या गाड्यांत तिथे भुशाचा अक्षरशः गादीसारखा थर साचतो. समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि मधे हवा अडलेली असते. तिथे नवा क्लच बसवून काहीच फरक पडत नाही.

सामान

१० ते १९ मिमीचे रिंग पाने आणि गोट्या (सॉकेट), लांब एक्स्टेन्शन, रॅचेट, पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या चौकोनी भोकात बसणारी ३/८ किंवा १/२ इंची दांडी, टॉर्क रेंच, मापपट्टी, मार्कर, तारेचा ब्रश, टॉर्च. रेडिएटरच्या मापाचा जाड पुठ्ठा किंवा ३ मिमीचा प्लायवूड, आणि हे नसेल तर काम सुरूच करू नका. निळं, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारं आट्यांवरचं चिकट द्रव्य. फॅनचे नवे बोल्ट, जुन्याच दर्जाचे आणि जुन्याच लांबीचे. मधल्या एका मोठ्या नटवर बसणारा क्लच असेल तर त्या मापाचा पातळ फिक्स पाना आणि पुली धरून ठेवायचं साधन. ३२ आणि ३६ मिमी ही नेहमी आढळणारी मापं आहेत.

सुरुवात करण्याआधी

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. बॅटरीचा मेन स्विच बंद करा आणि ऋण टर्मिनलही सोडा. काम चालू असताना कुणी केबिनमध्ये चढून स्टार्टर मारला तर हात वाचत नाहीत, म्हणून स्टीअरिंगला पाटी अडकवा. टिल्ट केबिन असेल तर ती पूर्ण झुकवून लॉक बसल्याची खात्री डोळ्यांनी करा. केबिन अर्धवट झुकवून खाली वाकू नका. टिल्ट नसलेल्या गाडीत आतलं इंजिन कव्हर उघडून वरून आणि पुढच्या एक्सलच्या बाजूने खालून, असं दोन्हीकडून काम करावं लागतं. त्यासाठी दुसरा माणूस लागतो.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलं तर दाबाखालचं पाणी चेहऱ्यावर येतं.

आधी मोजा

हे पाच मिनिटांचं काम पुढचे दोन तास वाचवतं.

पात्याचं टोक आणि श्राउड, म्हणजे फॅनभोवतीचं गोल तोंडाचं कव्हर, यांच्यातली फट वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे मोजून कागदावर लिहा. बहुतेक ट्रकांत ती २० ते २५ मिमीच्या आसपास असते. महत्त्वाचं हे की चारही बाजूंना ती जवळजवळ सारखी हवी. खाली कमी आणि वर जास्त असेल तर इंजिनचे पुढचे रबर माउंटिंग बसले आहेत. फॅन नवा घालून हे सुधारत नाही. माउंटिंग बदलावे लागतात, नाहीतर खड्ड्यात आदळल्यावर पातं श्राउडला लागतं.

पात्याची किती रुंदी श्राउडच्या आत आणि किती बाहेर इंजिनकडे आहे तेही लिहा. हवा ओढणाऱ्या फॅनचं साधारण दोन-तृतीयांश पातं आत आणि एक-तृतीयांश बाहेर असतं. पात्याच्या पुढच्या कडेपासून जाळीपर्यंतचं अंतर मोजा. नंतर मार्करने फॅनवर रेडिएटरकडची बाजू लिहा आणि फॅन, क्लच, स्पेसर (मधलं अंतर भरणारी चकती) व पुली यांवर एकच आडवी रेघ ओढा. पट्टा कसा फिरवला आहे त्याचा फोटो काढा.

उतरवणं

आधी श्राउड. तो बहुधा रेडिएटरच्या फ्रेमला लहान बोल्टने धरलेला असतो. बोल्ट काढून तो इंजिनच्या बाजूला, फॅनच्या वर सरकवून ठेवा. दोन तुकड्यांचा असेल तर वरचा तुकडा काढला की पुरे. एकसंध असेल तर शेवटी फॅन आणि श्राउड मिळून एकत्र वर उचलावे लागतात. रेडिएटरची वरची होज आडवी येत असेल तर खालच्या कॉकमधून तिच्या पातळीच्या खालीपर्यंत कूलंट स्वच्छ बादलीत काढा आणि बादली झाकून ठेवा. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोडसर, म्हणून कुत्री-मांजरं ते पितात.

आता पुठ्ठा जाळी आणि फॅनच्या मधे सोडा. ॲल्युमिनियमच्या पंखांवर पाना निसटून एक घाव बसला तरी नळी गळायला लागते.

इथे क्रम चुकू नका. फॅनचे बोल्ट पट्टा चढलेला असतानाच सैल करायचे. पट्टा आधी उतरवला की पुली मोकळी फिरते, बोल्टला जोर देता येत नाही, आणि मग लोक पात्यांमध्ये टॉमी किंवा पहार अडकवतात. पात्याच्या मुळाशी तडे जाण्याचं हे एक ठरलेलं कारण आहे. पट्टा पुली धरून ठेवतो. तरी घसरत असेल तर दुसऱ्या माणसाने पट्ट्याचा सैल भाग हाताने दाबून धरावा. हबला क्लच धरणारे चार किंवा सहा बोल्ट एकेक पाव फेरा सैल करा, काढू नका.

मधल्या मोठ्या नटवर असलेल्या क्लचला आटे कोणत्या दिशेचे आहेत हे ठरवल्याशिवाय जोर लावू नका. नियम सोपा आहे. आटे असे दिलेले असतात की फॅनच्या ओढीने नट आणखी आवळला जावा. समोरून पाहताना हब घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल तर फॅन मागे ओढतो, म्हणजे उलट्या दिशेने. तिथे आटे डावे असतात आणि नट सैल करायला पाना काट्यांच्या दिशेनेच फिरवावा लागतो. हब उलटा फिरत असेल तर नेहमीचे उजवे आटे. पुली धरून पान्यावर हातोडीचा एक झटका दिला तर नट सुटतो. हळूहळू जोर वाढवत गेलात तर पुलीच फिरते.

यानंतर पट्टा. टेन्शनरच्या चौकोनी भोकात दांडी घाला आणि टेन्शनरची भुजा पट्ट्यापासून दूर जाईल त्या दिशेने वळवा. आतली स्प्रिंग जोरकस असते, उलट्या दिशेला रेटलं तर टेन्शनर बिघडतो. पट्टा उतरवून टेन्शनर सावकाश परत सोडा, दांडी हातातून निसटू देऊ नका. जुन्या, दोन व्ही-पट्ट्यांच्या गाडीत अल्टरनेटरचा बोल्ट सैल करून तो आत ढकलावा लागतो.

आता सैल केलेले बोल्ट हाताने काढा. शेवटचे दोन समोरासमोरचे ठेवा. दुसऱ्या माणसाने दोन्ही हातांनी फॅन खालून पेलावा, मग ते दोन काढा आणि फॅन-क्लचचा जोड सरळ पुढे ओढून वर घ्या. पात्याला धरून हिसका देऊ नका. जोड गंजून चिकटला असेल तर क्लचच्या मागच्या कडेवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके द्या.

उतरवलेला व्हिस्कस क्लच उभाच ठेवा, गाडीत असतो तसा. आडवा पाडून ठेवला तर सिलिकॉन ऑइल बेअरिंगमध्ये उतरतं, तिथलं ग्रीस बिघडतं आणि कालपर्यंत चांगला असलेला क्लच पुन्हा बसवल्यावर महिन्या-दोन महिन्यांत वाजायला लागतो. नवा क्लच दुकानात आडवा रचलेला दिसला तर तो घेऊ नका. फॅन क्लचपासून वेगळा करायचा असेल तर टेबलावर, क्लच उभा धरूनच.

हातात आल्यावर बघायचं

पत्र्याचा फॅन असेल तर रिव्हेटांच्या भोवती आणि पात्यांच्या मुळाशी तारेचा ब्रश मारून धातू उघडा करा. मळाखाली केसाएवढा तडा दिसत नाही. रिव्हेटभोवती तपकिरी पावडरीचं वलय दिसलं तर रिव्हेट सैल आहे, पातं आत घासतंय. वाकलेलं पातं ठोकून सरळ करू नका. एकदा वाकलेला पत्रा त्याच रेषेवर फाटतो. तड्यावर वेल्डिंग तर अजिबात नको, कारण वेल्डच्या शेजारचा पत्रा ठिसूळ होतो आणि तोलही बिघडतो.

प्लॅस्टिकच्या फॅनमध्ये मधल्या धातूच्या कड्याभोवती आणि पात्याच्या मुळाशी पांढुरक्या रेषा शोधा. प्लॅस्टिक ताणलं गेल्याची ती खूण आहे. टोकाचा टवका उडालेला फॅन टाकून द्या. समोरच्या पात्याचा तेवढाच टवका कापून तोल साधायचा उद्योग गॅरेजात होतो. त्याने तोल येत नाही आणि दुसरं पातंही कमजोर होतं. धुताना साबणाचं पाणी वापरा, पेट्रोल किंवा थिनर नको.

क्लचच्या तोंडावरची द्विधातूची पट्टी मऊ ब्रशने झाडा, वाकवू नका. ती जराशी वाकली तरी क्लच चुकीच्या तापमानाला पकडतो. बेअरिंगवर प्रेशरने पाणी मारू नका.

पट्टा नसताना हब हाताने फिरवून पाहायची हीच संधी. तो गुळगुळीत, आवाज न करता फिरला पाहिजे आणि बाजूला हलवल्यावर हाताला खेळ जाणवता कामा नये. खरखर लागली तर आत्ताच बदला. नंतर पुन्हा सगळं उतरवावं लागेल. टेन्शनरची आणि आयडलरची, म्हणजे पट्ट्याला नुसती वाट देणारी, पुलीही तशीच फिरवून बघा. वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या छिद्रातून वाळलेला डाग असला तर चालतो, थेंब पडत असेल तर पंप सील गेला आहे. या इंजिनात पंप दोनच बोल्टवर आणि एका रबरी सीलवर बसतो, त्यामुळे समोर सगळं मोकळं असताना तो बदलणं सोपं जातं. पट्ट्याच्या खाचांत आडव्या भेगा चालतात. उभ्या भेगा आडव्या भेगांना मिळून तुकडे निघायला लागले की पट्टा बदला.

आणि रेडिएटर. फॅन नसताना इंजिनच्या बाजूने, म्हणजे हवेच्या उलट दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने जाळी धुवा. आत अडकलेला भुसा याच दिशेने बाहेर पडतो.

बसवणं

हबवर किंवा पुलीवर मधे एक उंच गोल कडा असते, तिच्यावर क्लचचं किंवा फॅनचं मधलं भोक घट्ट बसतं. फॅन मध्यावर राहतो तो या कडेमुळे. बोल्ट फक्त दाब देतात. कडेवर गंज किंवा रंगाचा थर असला तर फॅन तिरका बसतो, बोल्ट आवळल्यावर तो कडेवर ओढला जातो आणि क्लचचा ॲल्युमिनियमचा कान तुटतो. दोन्ही बाजू बारीक एमरी पेपरने साफ करा, फॅन हाताने दाबून पूर्ण बसला पाहिजे. हाताने बसत नसेल तर बोल्टने ओढू नका, कारण शोधा.

फॅनची बाजू नीट बघा. उलटा बसवला तर हवा उलट्या दिशेने जाईल आणि लगेच कळेल, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. फॅन पुढचा मागे केला तरी पात्यांचा कोन त्याच हाताचा राहतो, त्यामुळे हवा रेडिएटरकडून इंजिनकडेच ओढली जाते. बदलतो तो पात्याचा बाक. तो चुकीच्या बाजूला आल्याने हवा खूप कमी होते आणि आवाज वाढतो. गाडी सपाट रस्त्यावर ठीक चालते, घाटात तापते, आणि मग थर्मोस्टॅट, पंप, हेड गॅस्केट असं सगळं बदलून होतं. उतरवताना केलेली मार्करची खूण इथे कामाला येते. खूण नसेल तर फॅनवर कोरलेली पुढची किंवा मागची बाजू वाचा. तेही नसेल तर पात्याची खोलगट बाजू इंजिनकडे हवी, हे लक्षात ठेवा.

बोल्टची लांबी तपासा. फॅन क्लचला धरणाऱ्या बोल्टचं छिद्र बहुधा बंद तळाचं असतं. बोल्ट दोन-तीन मिमीने जरी लांब असला तरी तो तळाला टेकतो, पाना आवळलेला वाटतो आणि फॅन प्रत्यक्षात सैल राहतो. छिद्राची खोली काडीने मोजा, फॅनची जाडी त्यात मिळवा आणि बोल्ट त्या बेरजेपेक्षा २ ते ३ मिमी आखूड ठेवा. फार आखूडही नको, कारण ॲल्युमिनियममध्ये बोल्टच्या व्यासाच्या किमान दीडपट आटे धरायला हवेत.

टेबलावर फॅन क्लचला जोडा. आटे कोरडे आणि तेलविरहित करा, निळ्या थ्रेडलॉकरचा एकेक थेंब द्या, सगळे बोल्ट हाताने बसवा आणि मग समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा. नंतर जोड गाडीत उतरवा. एकसंध श्राउड असेल तर आधी तो आत सोडून मागे सरकवा, नाहीतर फॅन बसल्यावर तो आत जात नाही. हबचे बोल्ट बोटांनी किमान तीन-चार फेरे जाईपर्यंत पाना लावू नका.

थेट बोल्टचा फॅन असेल तर पट्टा चढवण्याआधीच त्याची धाव तपासा. श्राउडला एक तार चिकटवून तिचं टोक एका पात्याजवळ आणा, फॅन सावकाश फिरवा आणि प्रत्येक पात्याचं टोक तारेपासून किती लांब जातं ते बघा. पात्यापात्यांत ३ मिमीहून जास्त फरक पडला तर फॅन तिरका बसला आहे किंवा पातं वाकलं आहे. व्हिस्कस क्लचचा फॅन पट्टा चढवल्यावरही हाताने फिरतो, म्हणून ही चाचणी नंतर केली तरी चालते.

आता पट्टा चढवा. प्रत्येक खाच पुलीच्या खाचेत बसली का ते बोटाने चाचपून बघा. एक खाच बाहेर राहिली तर पट्टा अर्ध्या तासात कडेने सोलला जातो. व्ही-पट्टे असतील तर दोन्ही एकदमच बदला. जुना पट्टा ताणलेला असतो, त्यामुळे सगळा भार नव्यावर येतो. त्यांचा ताण तपासायचा नियम असा: दोन पुल्यांच्या मध्यांत दर ३०० मिमी अंतराला, अंगठ्याने दाबल्यावर पट्टा स्वतःच्या जाडीइतका आत गेला पाहिजे.

पट्टा ताणलेला असताना शेवटची आवळणी करा. आधी अर्ध्या टॉर्कने सगळे, मग पूर्ण टॉर्कने सगळे, दर वेळी समोरासमोर. ८.८ दर्जाच्या बोल्टला एम-८ साठी साधारण २४, एम-१० साठी ४३ आणि एम-१२ साठी ७७ न्यूटन-मीटर. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. एअर गनने हे बोल्ट आवळू नका. ॲल्युमिनियमचे आटे गनला क्षणभरही टिकत नाहीत आणि बोल्ट ताणला गेला की तो नंतर वाटेत तुटतो.

श्राउड बसवा, बोल्ट सैल ठेवून चारही बाजूंची फट जुळवा आणि मग आवळा. कागदावरच्या मापांशी तुलना करा. पातं आधीपेक्षा जास्त बाहेर किंवा आत आलं असेल तर स्पेसर राहिला आहे किंवा चुकीच्या जाडीचा लागला आहे. इलेक्ट्रॉनिक क्लचची वायर तिच्या क्लिपमध्ये परत बसवा. ती ताणलेली नको आणि पात्यापर्यंत पोचेल इतकी सैलही नको. बहुतेक अशा क्लचमध्ये वायर निघाली की फॅन कायम पकडून राहतो, त्यामुळे गाडी तापत नाही आणि दोष लक्षात यायला उशीर होतो.

चालू करून बघणं

पुठ्ठा बाहेर काढा. हत्यारं मोजा. कूलंट भरा. इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, पण फॅन धरून नव्हे. फ्लायव्हील हाउसिंगवरच्या छिद्रातून बॅरिंग टूलने, म्हणजे इंजिन हाताने फिरवायच्या हत्याराने, फिरवा. फॅनला धरून क्रँक फिरवण्याची सवय गॅरेजात सर्रास आहे आणि पात्यांच्या मुळातले बरेच तडे तिथूनच सुरू होतात.

बॅटरी जोडा, सगळ्यांना फॅनच्या बाजूच्या रेषेतून दूर करा आणि स्टार्ट करा. पातं सुटलं तर ते पुढे जात नाही, बाजूला उडतं. म्हणून पाहायचं ते समोरून, रेडिएटरच्या पलीकडून. आयडलवर दहा मिनिटं चालू द्या. लयीत टकटक येत असेल तर पातं श्राउडला लागतंय, सतत चीं-चीं येत असेल तर पट्टा, घरघर येत असेल तर हब किंवा टेन्शनर. इंजिन १५०० आरपीएमला नेल्यावर स्टीअरिंगला आधी नव्हता तो थरथराट आला तर फॅनचा तोल किंवा बैठक चुकली आहे. गाडी रस्त्यावर काढू नका.

क्लचची पकड तपासायला रेडिएटरसमोर पुठ्ठा धरून अर्धी जाळी झाका आणि इंजिन १५०० च्या आसपास ठेवा. टेंपरेचरचा काटा वर सरकेल आणि थोड्या वेळाने फॅनचा आवाज ठळकपणे वाढेल. पुठ्ठा काढा. काटा खाली येईल आणि दोन-तीन मिनिटांत आवाज पुन्हा बसेल. काटा लाल पट्ट्याजवळ पोचेपर्यंत आवाज वाढला नाही तर पुठ्ठा लगेच काढा, इंजिन आयडलवर थंड होऊ द्या आणि क्लच परत तपासा.

पहिल्या फेरीनंतर, इंजिन थंड असताना, बोल्ट टॉर्क रेंचने परत बघा. थ्रेडलॉकर लावलेला बोल्ट सैल मिळाला तर नुसता आवळू नका. तो काढून आटे साफ करा आणि नवं थ्रेडलॉकर लावून बसवा. त्याच वेळी पट्ट्याच्या कडा आणि श्राउडच्या आतली बाजू टॉर्चने बघा. आत ताजी घासलेली रेघ दिसली तर माउंटिंगकडे वळा. फॅन, क्लच आणि पट्ट्याचे पार्ट नंबर व मोजलेल्या फटी गाडीच्या वहीत लिहून ठेवा.